चेमटण्यासाठी बांधलेल्या गाड्या

"पुरुषांच्या जगातली रणरागिणी" या विषयावर लिहा, असा आमच्या मराठी मंडळाच्या अंकाच्या संपादकबाईंचा फोन आला. सोबत फोटो पाठवा म्हणाल्या, शक्यतो साडीतला. मी म्हटलं, बाई, साडी नेसून वेल्डिंग करणारी बाई एक तर मूर्ख असते, नाहीतर पेटलेली असते. त्या हसल्या. त्यांना तो विनोद वाटला. तेव्हा त्यांचा विषय बाजूला ठेवून मी मला हवं ते लिहिते आहे. छापायचं की नाही ते त्यांनी ठरवावं, कारण यात मंडळही येणार आहे.

मी वंदना. वय अठ्ठावन्न. राहायला अमेरिकेत, मॉरिसव्हिलला. नवरा सुधीर सॉफ्टवेअरमध्ये. या गावात नवरा सॉफ्टवेअरमध्ये नसेल तर लोक काळजीने तब्येतीची चौकशी करतात. सुरुवातीची काही वर्षं माझ्या व्हिसावर नोकरी करता येत नव्हती, पण शिकता येत होतं. बाकीच्या बायकांनी केक सजवायचे आणि मेणबत्त्यांचे कोर्स केले. मी कम्युनिटी कॉलेजात वेल्डिंगच्या वर्गात नाव घातलं. माझे बाबा नागपूरला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये वेल्डर होते, त्यामुळे ठिणग्यांची भीती अशी कधी नव्हतीच. मंडळात पहिल्या वर्षी एका काकूंनी विचारलं, "वडील काय करायचे?" मी सांगितलं. त्या "अरे वा" म्हणाल्या आणि पुलाव घ्यायला गेल्या, त्या गेल्याच. पुढे आडनाव कळल्यावर आणखी दोघी-तिघी पुलाव घ्यायला गेल्या. आमच्या घरी दिवाळीपेक्षा भीमजयंती मोठी, हे कळल्यावर तर पुलाव संपलाच असेल.

गेली अठरा वर्षं मी डेल नावाच्या माणसाच्या बॉडी शॉपमध्ये काम करते. मॉरिसव्हिलपासून पाऊण तास दक्षिणेला गेलं की कॉलन्या संपून तंबाखूची शेतं आणि कोंबड्यांच्या शेडी लागतात, तिथे ते दुकान आहे. वर्षभर आम्ही अपघातात चेमटलेल्या गाड्या सरळ करतो. उन्हाळा आला की उलटा धंदा सुरू होतो. तेव्हा आम्ही चेमटण्यासाठी गाड्या बांधतो.

ज्यांनी डिमॉलिशन डर्बी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. कौंटीच्या जत्रेत एक मैदान असतं. त्याला काँक्रीटच्या ठोकळ्यांचं कुंपण घालतात, माती पाणी मारून चिखल करून ठेवतात, म्हणजे कोणाला फार वेग घेता येत नाही. त्यात आठ-दहा जुन्या सेडान सोडतात. त्यांनी एकमेकींना ठोकायचं. जी बंद पडली ती बाद. शेवटपर्यंत जी हलत राहील ती जिंकली. आपले लोक हे ऐकून तोंड वाकडं करतात. "काय हे अमेरिकन! नुसता रानटीपणा!" म्हणतात, आणि घरी जाऊन मुलाला सातव्या वर्षापासून स्पेलिंगच्या स्पर्धेला जुंपतात. रानटीपणाचं मला फार सांगू नये.

तर गाडी बांधायची म्हणजे काय करायचं? आधी सोलायची. काचा, दिवे, सीट, गालिचे, प्लॅस्टिक, सगळं बाहेर. काचेचा एक तुकडासुद्धा आत राहता कामा नये. पेट्रोलची मूळ टाकी मागे डिकीखाली असते, आणि मार नेमका मागेच बसतो, म्हणून ती काढून टाकायची आणि आत, चालकाच्या मागे, एक छोटी टाकी पट्ट्यांनी आवळून बसवायची. बॅटरी बाजूच्या सीटच्या जागी जमिनीवर. दारं वेल्डिंग करून बंद. चालक खिडकीतून आत जातो आणि देवाची इच्छा असेल तर खिडकीतूनच बाहेर येतो. त्याच्या पाठीमागे आणि दारावर जाड पाइप, म्हणजे छत आणि दार अंगावर येणार नाही. बॉनेटला मोठं भोक, आग लागली तर पाणी मारायला. चालकाच्या दाराला पांढरा रंग, कारण त्या दाराला ठोकायचं नाही, हा डर्बीचा पहिला नियम.

यातलं कोणतंही काम अवघड नाही. अवघड आहे ते थांबणं. गाडीच्या पोटाखालून पुढून मागे दोन जाड, पोकळ लोखंडी तुळया जातात. त्यांना फ्रेम म्हणतात. या फ्रेमला हात लावायचा नसतो. मार बसला की ती वाकते, दुमडते, आणि दुमडताना तो मार पिऊन टाकते. म्हणूनच आतलं आणि समोरचं, दोन्ही माणसं चालत घरी जातात. नियमच आहे: फ्रेमच्या आत काही घालायचं नाही. पण प्रत्येक गिऱ्हाइकाला वाटतं, आपली गाडी वाकूच नये.

एका कोंबडीवाल्याने फ्रेममध्ये काँक्रीट ओतून आणलं होतं. तपासणाऱ्याने ड्रिल मारलं तर राखाडी भुकटी गळायला लागली. कोंबडीवाला शपथेवर म्हणाला, "कंपनीतूनच अशी आली असेल." एका दाताच्या डॉक्टरला सगळी गाडी सोलायची होती, पण सीट मूळचीच हवी होती, कारण ती गरम व्हायची. अशा लोकांवर मी अठरा वर्षं हसले आहे. जिच्यावर हसायला हवं होतं ती मुखवटा घालून वेल्डिंग करत होती, हे मला उशिरा कळलं.

आमच्या जत्रेत गाड्या तपासायचं काम हार्लनकडे होतं. सत्तरी ओलांडलेला, अग्निशामक दलातून निवृत्त झालेला म्हातारा. एक हातोडी, एक ड्रिल आणि एक टॉर्च, एवढीच त्याची हत्यारं. हातोडीने फ्रेम ठोकत जायचा. पोकळ फ्रेम घंटेसारखी वाजते; आत काही भरलेलं असेल तर आवाज बसका येतो. मग ठरावीक तीन जागी भोकं पाडून आत बघायचा. माझ्या गाड्यांना भोकं पाडताना त्याला जिवावर यायचं. "व्ही, तुझ्या गाड्यांना भोकं पाडणं म्हणजे चर्चमध्ये खिसे तपासणं आहे," असं एकदा म्हणाला होता. अमेरिकन जिभेला वंदना जमत नाही, म्हणून मी तिकडे व्ही.

तीन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये अनिरुद्ध आला.

अनिरुद्ध मंडळाच्या कार्यकारिणीतला. मूळचा पुण्याचा, इथे एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीत डायरेक्टर. माझ्याहून फार तर दहा वर्षांनी लहान, टक्कल पडलेलं, तरी मला काकू म्हणायचा. दुकानात आला तो रुमालाने खुर्ची पुसून बसला.

"काकू, बेसिकली मला एक अनब्रेकेबल कार हवीये. ऑफिसमधले सगळे बघायला येणार आहेत. मी सांगून बसलोय की मी जिंकणार."

"तुम्ही कधी डर्बी पाहिलीय का?"

"व्हिडिओ पाहिलेत ना. लॉजिक सिंपल आहे. ज्याचं स्ट्रक्चर स्ट्राँग, तो जिंकणार."

मी त्याला समजावलं. रेडिएटर आधी फुटतो, म्हणून मागचा भाग पुढे करून, रिव्हर्समध्ये ठोकायचं. कोपऱ्यात अडकायचं नाही. जिंकतो तो शांत राहणारा, लोखंडवाला नाही. त्याने मान डोलावली आणि फोनवर काहीतरी टाइप केलं. पुढच्या आठवड्यात तो एक ड्रॉइंग घेऊन आला. प्लेनो शहरातल्या एका मित्राने काढलेलं. मित्र मेकॅनिकल इंजिनिअर होता म्हणे, म्हणजे पंचवीस वर्षांपूर्वी परीक्षा पास झाला होता आणि तेव्हापासून लोखंडाला हात लावला तो फक्त तव्याच्या निमित्ताने. ड्रॉइंगमध्ये मागच्या फ्रेमच्या आत, दोन्ही बाजूंना, चौकोनी जाड पाइप घातला होता.

"हे चालत नाही," मी म्हटलं. "नियमात बसत नाही. आणि धोक्याचं आहे."

"काकू, नियम म्हणजे डिटेक्शनचा प्रश्न असतो. सापडलं तर प्रॉब्लेम."

"मी करणार नाही."

तो उठला. डेल शेजारीच उभा होता. त्याच्याकडे वळून, मी तिथे नाहीच अशा थाटात, हा इंग्रजीत म्हणाला, "तिला झेपणार नाही बहुतेक. वयही झालंय. तुझ्याकडे दुसरा कोणी खरा कारागीर आहे का?"

डेल माझ्याकडे बघून हसू दाबत होता. त्याला माहीत होतं की आसपासच्या तीन कौंट्यांत माझ्याइतका साफ जोड दुसरं कोणी मारत नाही. मलाही माहीत होतं. ते अनिरुद्धला माहीत नसणं इतकं का झोंबावं? इतकी वर्षं मी या लोकांना शून्य किंमत देत आले, आणि त्यातल्या एकाने मला शून्य म्हटल्यावर मात्र अंगाची लाही झाली. मी त्याच्या हातातलं ड्रॉइंग ओढून घेतलं.

"याहून चांगलं करते," मी म्हटलं. "तुमच्या मित्राचं तर पहिल्या ठोक्यात सापडेल."

आणि केलं. डिकीची जमीन उचलली. फ्रेमच्या वरच्या अंगाला, जिथे कोणाची नजर जात नाही, लांब चीर दिली. आत पाइप सरकवला. हार्लन ज्या तीन जागी भोकं पाडतो त्या मला पाठ होत्या. तेवढ्या जागा मी मोकळ्या सोडल्या. आवाज बसका येऊ नये म्हणून पाइप फ्रेमच्या भिंतीला सगळीकडे न चिकटवता अंतराअंतरावर टेकवला. चीर जोडून बंद केली, घासून सपाट केली, मीठ आणि व्हिनेगर लावून दोन दिवस उघड्यावर ठेवली, म्हणजे नव्या जोडावर जुना गंज चढला. वर डिकीची जमीन परत बसवली. डेल एकदा आला, वाकून बघितलं, म्हणाला, "मी जेवायला गेलो होतो," आणि निघून गेला. सांगायला लाज वाटते, पण तेवढं देखणं काम मी आयुष्यात केलेलं नाही. करताना मी गुणगुणत होते.

जत्रेच्या दिवशी दुपारी तपासणीच्या रांगेत गाडी लागली. अनिरुद्ध नवाकोरा रेसिंगचा सूट घालून आला होता. हार्लनने तीन भोकं पाडली, टॉर्च मारली. तिन्ही साफ. मग हातोडी घेऊन मागे आला. ठण्, ठण्, ठण्. चौथ्या ठोक्याला तो थांबला. पुन्हा तिथेच ठोकलं. मान वर करून माझ्याकडे बघितलं.

"ही तू बांधलीस ना?"

"हो."

"सगळी तूच?"

"सगळी."

 मग त्याने खिशातून पासचा स्टिकर काढला आणि छतावर चिकटवला.

त्याच फेरीत टॅमी होती. टॅमी स्कूल बस चालवते. भावाच्या गोठ्यात स्वतःच गाडी बांधते आणि आमच्या दुकानात लोखंडाचे उरलेसुरले तुकडे मागायला यायची. आली की माझ्या डब्यातला ठेचा खायची, डोळ्यांतून पाणी काढायची आणि पुन्हा मागायची. डर्बीत तिने कधी कोणाला वाईट ठोकलं नाही. कोणाची गाडी बंद पडायला आली की हात वर करून "सावकाश" म्हणणारी एकटी तीच.

फेरी सुरू झाली. अनिरुद्धला धड रिव्हर्स येत नव्हतं, पण त्याची गरज पडली नाही. त्याला मागून जो ठोकी त्याचीच गाडी दुमडे. प्रेक्षकांत त्याच्या ऑफिसचे लोक उभे राहून ओरडत होते. पाच-सहा गाड्या बंद पडल्या. टॅमीची गाडी चिखलात घसरून तोंड पुढे करून कुंपणाकडे गेली, ती तिने कशीबशी वळवली, पण मागचा भाग काँक्रीटला टेकून बसला. तोंड मैदानाकडे, मागे जायला जागा नाही. अशा वेळी समोरचा ठोकतो; ते नियमात बसतं. दोन्ही गाड्या वाकतात, चालक मान झटकतो, खेळ पुढे चालू.

अनिरुद्ध रिव्हर्समध्ये आला, पूर्ण पाय दाबून. त्याची गाडी वाकली नाही. ती टॅमीच्या गाडीत शिरली. ठोकरीचा नेहमीचा आवाज मला झोपेतही ओळखता येईल. हा तो नव्हता. तिचं इंजिन मागे सरकलं आणि इंजिन-चालकामधल्या आतल्या भिंतीला, पेडलना घेऊन तिच्या पायांवर आलं.

खेळ थांबवणारे लाल झेंडे वर झाले. अग्निशामकवाले कटर घेऊन धावले. मीही कुंपण ओलांडून गेले. टॅमी ओरडत नव्हती. ती "माझा बूट काढू नका, माझा बूट काढू नका" एवढंच हळू आवाजात म्हणत होती. उजवी नडगी दोन ठिकाणी मोडली होती, घोट्याचा तर चुरा. तिला स्ट्रेचरवरून नेलं. मग मैदान साफ केलं आणि फेरी पुढे सुरू झाली, कारण नियम तसा आहे. उरलेल्या दोन गाड्या अर्ध्यामुर्ध्या होत्या. अनिरुद्ध जिंकला. त्याने खिडकीतून बाहेर येऊन छतावर उभं राहून हात वर केले. त्याला मिळालेली ट्रॉफी त्याच्या छातीपर्यंत येत होती.

मी कोणाला काही बोलले नाही. घरी गेले. सुधीरने विचारलं, "जिंकली का आपली गाडी?" मी म्हटलं, "जिंकली."

पुढचे काही आठवडे मी स्वतःची समजूत घालत होते. डर्बी आहे, लागतंच. टॅमीने कागदावर सही केली होती. रिव्हर्समध्ये पाय त्याने दाबला, मी नाही. हॉस्पिटलात एकदा गेले, फुलं घेऊन. टॅमी म्हणाली, "नशीब खराब होतं, व्ही." मी मान डोलावली. एवढी नीच मान मी आयुष्यात दुसऱ्यांदा डोलावलेली नाही.

मग मंडळाचा दिवाळीचा कार्यक्रम आला. शाळेचा हॉल, तीनशे माणसं, गोड शंकरपाळे आणि बेसूर गाणी. "आपल्या समाजाचं नाव अमेरिकन मातीत रोवणारा" म्हणून अनिरुद्धचा सत्कार. मग त्याने माइक घेतला.

"हे माझं एकट्याचं यश नाही. यामागे आपल्या वंदनाकाकू आहेत. काकूंनी आतून असा जोड मारला, असा मारला, की गोऱ्यांच्या तपासणाऱ्याला हातोडी घेऊनसुद्धा सापडला नाही!"

टाळ्या. मंडळींनो, तुम्हीच वाजवल्या होत्यात. तुमच्यातल्या कोणीही विचारलं नाही की जोड लपवायचा कशासाठी. मागच्या रांगेतून कोणीतरी "यार, एकदम जुगाड!" असं ओरडलं. मला स्टेजवर बोलावलं. पुलाववाल्या काकूंनी मला शाल घातली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांनी माझा हात हातात धरला.

आणि शाल मी घेतली. ती अंगावर फेकून मी ताडताड निघून गेले असं लिहायला आवडलं असतं. मी हात जोडले आणि खाली येऊन बसले. शेजारी सुधीर होता. त्याने टाळी वाजवली नव्हती. तो हळूच म्हणाला, "त्या बसवाल्या बाईला तुझ्याच गाडीने ठोकलं होतं ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हार्लनकडे गेले. तो ओसरीवर बसून पेकानच्या, अक्रोडासारख्या, बिया फोडत होता. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं: चीर, पाइप, तीन मोकळ्या जागा, मीठ, व्हिनेगर. त्याने बिया फोडणं थांबवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाला, "मला माहीत होतं."

"कसं?" मी विचारलं.

"चौथा ठोका," तो म्हणाला. "चाळीस वर्षं मी भिंतीमागची आग कानाने ओळखली आहे. तो आवाज मला कळला होता. मग मी तुझ्याकडे बघितलं आणि ठरवलं की माझाच कान म्हातारा झाला." मग तो म्हणाला, "टॅमी तिथे अडकली तेव्हा मी कुंपणापाशीच होतो, व्ही."

  निघताना त्याने मला बियांची पिशवी दिली, जशी नेहमी द्यायचा, आणि मला ती घेववेना.

त्याने जत्रेच्या कमिटीला सगळं कळवलं. मला एक वर्ष गाडी बांधायला बंदी झाली, आणि हार्लनने तपासणीचं काम स्वतःहून सोडलं. डेल चार दिवस माझ्याशी बोलला नाही, पाचव्या दिवशी म्हणाला, "मी जेवायला गेलो नव्हतो. तेही सांग त्यांना." अनिरुद्धकडे कमिटीने ट्रॉफी परत मागितली. त्याचा मला फोन आला.

"काकू, तुम्ही उगाच इश्यू केलात. रूल्समध्ये ग्रे एरिया होता. आणि आपल्याच माणसाला असं एक्सपोझ करायचं?"

"टॅमीचा पाय पाहिलात का?" मी विचारलं.

"आय फील टेरिबल अबाउट दॅट. पण ते सेपरेट आहे ना?"

नंतर त्याने प्लेनोला बदली करून घेतली. ट्रॉफी परत गेली नाही. तिथल्या मोठ्या घरात ती दिवाणखान्यात, गणपतीच्या शेजारी आहे, असं ऐकते. गणपतीची मला काळजी वाटते.

टॅमीला सांगायला मी सगळ्यात शेवटी गेले, ही माझ्या शौर्याची मजल. ती कुबड्या घेऊन स्वयंपाकघरात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं ती ओरडेल. मी तयारी करून गेले होते. ती म्हणाली, "मला दाखव."

गाडी अजून आमच्या दुकानामागे गवतात पडून होती. तिच्या भावाने तिला आणून सोडलं. मी डिकीची जमीन उचलली, ग्राइंडर घेतला, फ्रेम आडवी कापली आणि पाइप उघडा केला. टॅमीने कुबडी माझ्याकडे दिली आणि वाकून जोडावरून बोट फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. तिला लोखंड कळतं. ती स्वतः जोडते.

"सुंदर आहे," ती म्हणाली.

मला कोणी थोबाडीत मारली असती तर बरं वाटलं असतं. कुबडी घेऊन ती भावाच्या गाडीत जाऊन बसली. सहा महिने तिला बस चालवता आली नाही. आमच्या दुकानात ती पुन्हा आली नाही. डबा मी एकटीच खाते.

बंदी संपल्यावर मी गाडी बांधली नाही. बांधावीशी वाटली नाही असं नाही, हात शिवशिवतात. पण हार्लनने कमिटीला सांगितलं होतं की लपवणारीलाच शोधायला लावा. म्हणून गेल्या वर्षापासून तपासणीला मी असते. भोकं दरवेळी वेगळ्या जागी पाडते. डिकीची जमीन उचलायला लावते. गाडीवाले मला शिव्या देतात, काही जण चुकीच्या धर्माच्याही देतात. गेल्या वर्षी चार गाड्या परत पाठवल्या. एकजण म्हणाला, "तुला कसं कळलं?" मी म्हटलं, "मी यापेक्षा चांगलं केलं होतं."

यंदा सप्टेंबरात टॅमी परत आली. तीन वर्षांनी. चालताना थोडी लंगडत होती. भावाच्या ट्रेलरवरून गाडी उतरवली आणि माझ्या रांगेत लागली. दुसऱ्या तपासणाऱ्याची रांग छोटी होती, तरी माझ्याच. मी "हॅलो" म्हटलं. तिने मान हलवली.

मी हातोडी घेऊन गाडीखाली आडवी झाले. पुढून मागे, मागून पुढे. चार भोकं पाडली. दाराचा पाइप हलवून पाहिला, टाकीच्या पट्ट्या ओढून पाहिल्या, आतल्या भिंतीजवळ टॉर्च मारली. तिचं काम साधं आणि खरं होतं. जिथे वाकायला हवं तिथे वाकेल असं. मी बाहेर आले, गुडघ्यावरचा चिखल झटकला आणि स्टिकर काढला.

"सगळं बघितलंस?" तिने विचारलं. त्या "सुंदर आहे"नंतर ती माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

"बघितलं."



"परत बघ," ती म्हणाली.

मागे सात गाड्या खोळंबल्या होत्या आणि लोक हॉर्न वाजवायला लागले होते. मी स्टिकर खिशात ठेवला, हातोडी उचलली आणि पुन्हा गाडीखाली गेले.